टेक्निकल फाऊल आणि तो पाचवा रकाना

ज्यांना बास्केटबॉलचं स्कोअरशीट माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं फाऊल लिहायला पाच छोटे रकाने असतात, पाचही भरले की खेळाडू मॅचच्या बाहेर. मी शाळेच्या टीमचा कोच, आमच्या सात नंबरच्या नावापुढचे पाचही रकाने भरलेत. पी, पी-दोन, पी, पी आणि शेवटच्या रकान्यात टी-एक. पी म्हणजे पर्सनल, अंगाला अंग लागून झालेला साधा फाऊल, टी म्हणजे टेक्निकल, बहुतेक वेळा वागणुकीचा, आणि पुढचा आकडा म्हणजे समोरच्याला मिळालेले फ्री थ्रो, कुणी न अडवता मारायचे शॉट. हा टी-एक निळ्या पेनाने लिहिलाय कारण चौथं क्वार्टर होतं. त्या शीटचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि गेले दहा-बारा दिवस मी तो रोज एकदा तरी उघडून बघतोय.

झालं काय ते सांगतो. मुलींची शालेय मॅच, १७ वर्षांखालील, सकाळी साडेनऊची वेळ पण रात्री पाऊस पडून गेल्यामुळं कोर्टच्या एका कोपऱ्यात ओल होती, म्हणून दहाला सुरू झाली आणि तोपर्यंत ऊन असं काय तापलं की सिमेंटवर हात टेकवत नव्हता. सोलापूरचा सप्टेंबर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. चौथ्या क्वार्टरला चार मिनिटं शिल्लक, आम्ही २६-२५ असे एका पॉइंटने पुढं. सात नंबर आमची पॉइंट गार्ड, सगळा खेळ तिच्या हातातून जातो, तिला आधीच चार फाऊल होते त्यामुळं मी तिला सांगून ठेवलं होतं की बाई डिफेन्सला हात मागं ठेव. तिने ठेवले पण. मग एक पास तिने घाईत टाकला, कट मारणारी पोरगी उलट दिशेला गेली आणि बॉल लाईनच्या बाहेर. ती स्वतःच पळत जाऊन बॉल घेऊन आली आणि रेफ्रीच्या हातात द्यायच्या ऐवजी दोन्ही हातांनी जमिनीवर आपटला. एकदाच. तोंडातून शब्द नाही, कुणाकडं बघणं नाही, मान खाली. बॉल तिच्या डोक्याच्या वर उडाला आणि शिट्टी वाजली आणि रेफ्रीने दोन हातांची टी केली.

टेबलवरच्या मुलाने पाच नंबरची पाटी वर केली. सात नंबरला आधी कळलंच नाही की पाटी तिच्यासाठी आहे, ती बॉल मागायला हात पुढं करून उभी होती.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण माझा सगळा मुद्दा इथंच आहे. समोरच्या टीमने फ्री थ्रो मारला तो चुकला. रिमच्या पुढच्या कडेला लागून खाली. म्हणजे टेक्निकल फाऊलची जी शिक्षा नियमात लिहिलीय, एक फ्री थ्रो, ती आम्हाला शून्य पॉइंटला पडली. बॉल तसाही त्यांचाच होता. आणि तरी ती मॅच तिथंच संपली. उरलेल्या चार मिनिटांत आम्ही एक बास्केट केलं, बॉल पुढं आणायला कोण नव्हतं, हरलो २८-३१. जिंकलो असतो तर पुढं विभागीयचा रस्ता होता.

त्या दिवशी संध्याकाळी पार्क स्टेडियमजवळ चहाला बसलो होतो तेव्हा माझ्या दोस्ताशी यावरून जोरात भांडण झालं. आम्ही एकमेकांना मालक म्हणतो, सोलापुरात अर्धं गाव अर्ध्या गावाला मालक म्हणतं, तर हा मालक रेफ्री आहे, पंधरा-सोळा वर्षं शिट्टी वाजवतोय, ती मॅच त्याची नव्हती पण तो बघायला होता.

तो म्हणला, "मालक, बॉल आपटला का नाही?"

म्हणलं आपटला.

"डोक्याच्या वर गेला का नाही?"

गेला.

"मग विषय संपला की. टी आहे."

मी म्हणलं टी आहे हे मला मान्यच आहे, टी देऊ नये असं मी म्हणतच नाहीये, मी म्हणतोय टीची किंमत बघ. तर तो म्हणतो किंमत कुठं जास्त आहे, उलट आता फार स्वस्त झालीय, आपल्या वेळेला दोन फ्री थ्रो आणि वर बॉल होता ते विसरला का.

नाही विसरलो. २०१४ च्या आधी फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात टेक्निकलला दोन फ्री थ्रो आणि वर पझेशन असायचं, म्हणजे बॉल पण त्यांनाच, मधल्या लाईनवरून थ्रो-इन. आमच्या कॉलेजच्या दिवसांत एक टी म्हणजे मॅचचा कणाच मोडायचा. दोन पॉइंट गेले, वर बॉल गेला, त्या बॉलवर तीन पॉइंटर पडला तर एका तोंडाच्या चुकीला पाच पॉइंट. २०१४ ला ते एक फ्री थ्रो आणि पझेशन असं केलं आणि नंतर पझेशन पण काढलं, आता एक फ्री थ्रो, आणि मग ज्याचा बॉल होता त्याचाच बॉल, खेळ जिथं थांबला तिथून पुढं. हा बदल मला मनापासून पटलेला आहे. हिशोब करून बघा, सत्तर टक्के फ्री थ्रो मारणारा खेळाडू असेल तर आजचा एक टी सरासरी पाऊण पॉइंटच्या जरा खाली पडतो. जुन्या नियमाने दोन फ्री थ्रोचे जवळपास दीड आणि वर पझेशनचा साधारण एक धरला तर अडीचच्या आसपास. आमच्या गावातल्या शाळेच्या मॅच तीस-पस्तीस पॉइंटच्या असतात, तिथं अडीच पॉइंट म्हणजे काय ते तुम्हीच बघा. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये एक-एक टीम शंभराच्या वर जाते, तिथं पण एकच फ्री थ्रो देतात.

तर पॉइंटच्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. मालकाला वाटतं एक फ्री थ्रो कमी आहे, मला वाटतं बरोबर आहे, त्यावर आम्ही तास घालवला आणि तो वाया गेला कारण खरी शिक्षा फ्री थ्रो नाहीच आहे. खरी शिक्षा तो रकाना आहे.

फिबाच्या नियमात खेळाडूचा टेक्निकल त्याच्या पाच फाऊलमध्ये धरतात. वर टीम फाऊलमध्ये, त्या क्वार्टरमधल्या अख्ख्या टीमच्या फाऊलच्या हिशोबात, पण धरतात, म्हणजे क्वार्टरमधला चौथा टीम फाऊल जर टीचा असेल तर त्यानंतर कुणी नुसता साधा डिफेन्सचा फाऊल केला तरी समोरच्याला दोन फ्री थ्रो. आता दोन पोरी घ्या. दोघींनी बॉल आपटला, तेवढाच जोरात, तेवढाच उंच. एकीला आधी शून्य फाऊल, दुसरीला चार. पहिलीला शिक्षा काय? समोरच्याचा एक फ्री थ्रो आणि एक रकाना भरला, मॅच खेळायला मोकळी. दुसरी घरी. चूक एक, आणि शिक्षेत जमीन अस्मानाचा फरक, आणि तो फरक कशामुळं पडला तर आधी ज्या चार गोष्टी झाल्या त्यांचा या चुकीशी काडीचा संबंध नाही. तिचा पहिला फाऊल रिबाऊंडला पाठीवरून उडी मारताना झाला, दुसरा शूटरच्या हातावर, तिसरा स्क्रीनमध्ये अडकून, चौथा बॉल काढायला गेली आणि मनगट लागलं. हे खेळातले फाऊल आहेत, अंगाला अंग लागलं. यात वागणूक कुठं आली?

मालक म्हणतो, "चार फाऊल करायला कुणी सांगितलं होतं? चार झाल्यावर माणसानं जपून ऱ्हायचं असतं." हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो पण मला नाही पटत. चार फाऊल झाल्यावर जपून राहायचं ते डिफेन्समध्ये, आणि ती राहिली होती. स्वतःच्या चुकीचा राग येणं हे डिफेन्सचं काम नाही. तुम्ही दोन वेगळ्या वह्या एका वहीत लिहिताय. किराणा दुकानाची उधारी आणि लाईट बिल एकत्र करून, वीज तोडतो कारण तुझी साखरेची उधारी राहिली, असं कुणी म्हणलं तर आपण ऐकून घेऊ का.

आणि हे मी काही हवेत बोलत नाही. एनबीएत टेक्निकल हा खेळाडूच्या सहा पर्सनल फाऊलमध्ये धरतच नाहीत. त्याची वही वेगळी. वागणुकीचे दोन टेक्निकल झाले की खेळाडू मॅचच्या बाहेर, पण पाच पर्सनल झालेत आणि एक टी मिळाला म्हणून कुणी बाहेर जात नाही. शिवाय तिथं दंड खेळाडूच्या खिशातून जातो, सीझनमधल्या पहिल्या पाच टेक्निकलला प्रत्येकी २००० डॉलर, मग पुढं वाढत जातो, आणि १६ झाले की एक मॅच सस्पेन्ड, त्यानंतर दर दोनला एक. रशीद वॉलेसने २०००-०१ च्या सीझनमध्ये ४१ टेक्निकल घेतले होते, तो विक्रमच आहे. म्हणजे तिथं वागणुकीची शिक्षा वागणुकीलाच आहे, आणि ज्याने केलं त्याच्यावरच आहे. आणखी एक फार चांगली सोय आहे, लीगचं ऑफिस नंतर व्हिडिओ बघून टेक्निकल मागं घेऊ शकतं, दंड पण माफ होतो. मॅचमधला पॉइंट परत येत नाही ही गोष्ट वेगळी पण निदान माणसाच्या नावावरचा डाग तरी जातो. आपल्या शाळेच्या पोरांचा डाग कोण पुसणार, तिथं व्हिडिओ म्हणजे कुणाच्या तरी वडिलांनी मोबाईलवर काढलेला, त्यात निम्मा वेळ पुढं उभ्या असलेल्या माणसाचं डोकं.

बरं, फिबात पण आत एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. तीच सात नंबर कोर्टवर न राहता बेंचवर बसलेली असती आणि तिथून ओरडली असती, अगदी रेफ्रीला ओरडली असती, तरी तो टेक्निकल तिच्या नावावर गेलाच नसता. बेंचवरच्या खेळाडूचा टी कोचच्या नावावर बी म्हणून लिहितात आणि तो टीम फाऊलमध्येही धरत नाहीत. फ्री थ्रो एकच. म्हणजे कोर्टवर गप्प बसून बॉल आपटणारी बाहेर जाते आणि बेंचवर बसून ओरडणारी पुढच्या मिनिटाला सबस्टिट्यूट म्हणून आत येऊ शकते. हे कसं काय बरोबर, मला कुणीतरी समजावून सांगा. मालकाला विचारलं तर तो चहा प्यायला लागला.

कोचचं पण बोलायला पाहिजे आणि इथं मला माझं सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या मॅचला मला टी मिळाला. आमच्या पोराला ढकललं ते रेफ्रीने बघितलं नाही आणि मी बाजूच्या लाईनवर जाऊन ओरडलो, डोळे उघडे ठेवा म्हणून, आणखी पण काहीतरी बोललो जे इथं लिहीत नाही. टी बरोबर होता. समोरच्याने फ्री थ्रो मारला, गेला, बोर्डवर त्यांचा एक पॉइंट वाढला. आमची पोरं वळून माझ्याकडं बघत होती. टाईमआऊटला एक जण, नववीतला, घाम पुसत पुसत हळूच म्हणला, "सर, तुम्ही शांत बसा की. आम्ही बघतो." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. मी ओरडलो, पॉइंट पोरांचा गेला. माझ्या अंगाला काहीच लागलं नाही, मी तसाच उभा. नियम काय सांगतो, कोचच्या स्वतःच्या वागणुकीचे दोन टेक्निकल झाले की कोच बाहेर, पण पहिल्याला कोचला व्यक्तिशः काहीच नाही. निदान शाळेच्या मॅचला तरी कोचला पहिल्या टीलाच उरलेलं क्वार्टर खाली बसवून ठेवलं पाहिजे, खुर्चीवर, तोंड बंद. माझ्यावर तसं झालं असतं तर मला आवडलं असतं असं नाही, पण पोरांचा पॉइंट जाण्यापेक्षा ते बरं.

आणि मग बोलण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या भाषेचं सांगतो, कारण सोलापूरच्या पोरांना याचा त्रास बाहेर गेल्यावर होतो. आपल्याकडं बे म्हणजे शिवी नाही. वाक्य संपवायची ती पद्धत आहे. भाऊ भावाला म्हणतो, दोस्त दोस्ताला म्हणतो, काय बे, कुठं बे, जेवला का बे. आमची मुलांची टीम एकदा बाहेर खेळायला गेली होती, आमच्या एका फॉरवर्डच्या हातून पास सुटला तर गार्ड त्याला म्हणला, "काय बे हे!" दोघांच्या मधे रेफ्री उभा होता, त्याला वाटलं आपल्याला म्हणला. टी. पोरगं बिचारं सांगतंय सर मी याला म्हणलो, मी याला म्हणलो, तर जास्त बोलतो म्हणून आणखी एक दिला असता, मीच आत जाऊन त्याला मागं ओढलं. आमच्यात निम्मी पोरं पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, आपसात कोर्टवर पण तेलुगूतच बोलतात, ती तर रेफ्रीकडं बघून हसली तरी लोकांना संशय येतो.

हसण्यावरून आठवलं, हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. एप्रिल २००७ ला सॅन अँटोनियो आणि डॅलसच्या मॅचमध्ये टिम डंकन, ज्याच्याएवढा शांत माणूस त्या लीगमध्ये शोधून सापडला नसता, तो बेंचवर बसून हसला म्हणून जोई क्रॉफर्ड या रेफ्रीने त्याला टेक्निकल देऊन बाहेर काढला. नंतर लीगने क्रॉफर्डला उरलेल्या सीझनसाठी सस्पेन्ड केलं, आणि डंकनला पण २५,००० डॉलर दंड लावला. म्हणजे जगातल्या सगळ्यात अनुभवी रेफ्रीपैकी एकाला हसणं सोसलं नाही. तिथं कॅमेरे होते, चौकशी झाली. आमच्या गार्डच्या काय बे ची चौकशी कोण करणार. म्हणून मी म्हणतो की टेक्निकल हा असा एकच फाऊल आहे ज्यात रेफ्री स्वतः एक बाजू असतो. हाताला हात लागला की नाही हे दोन टीममधलं भांडण आहे, रेफ्री तिसरा. पण माझा अपमान झाला की नाही हे तोच ठरवणार, ज्याचा झाला तोच. अशा निर्णयाला खेळाडूला मॅचमधून बाहेर काढायची ताकद, ती पण मागच्या दाराने, पाचवा फाऊल म्हणून, देताना दहा वेळा विचार केला पाहिजे.

मालक इथं चिडला. आणि त्याचं चिडणं पण मला समजतं, ते लिहिलं नाही तर ही पोस्ट एकतर्फी होईल. त्याने सांगितलं ते असं, की मालक, तुम्ही बेंचवर असता, आम्ही मधे असतो, दोन रेफ्री आणि दोनशे माणसं, पालक जाळीला लटकून काय काय बोलत असतात, मॅच संपल्यावर गाडी काढायला आम्ही एकटे जातो. आमच्या हातात फक्त शिट्टी आहे आणि ही दोन हातांची टी आहे. ती पण तुम्ही हलकी केली तर पुढच्या मॅचला पोरगं बॉल जमिनीवर नाही, माझ्या अंगावर आपटेल. एकदा एका मॅचनंतर त्याच्या गाडीची हवा सोडली होती हे मला माहीत आहे, मी त्या रात्री त्याच्यासोबत गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत गेलोय. त्यामुळं टी नकोच असं म्हणायची माझी हिंमत पण नाही आणि इच्छा पण नाही. टी पाहिजे, लगेच पाहिजे, सगळ्यांना दिसेल असा पाहिजे.

पण तो ज्याला घाबरतो ते आणि सात नंबरने केलं ते एकाच अक्षरात का लिहायचं? टीच्या पोटात किती गोष्टी कोंबल्यात बघा. रेफ्रीला शिवी, टी. रिमला लटकणं, टी. बास्केट पडल्यावर बॉल लांब मारून वेळ काढणं, टी, पण आधी वॉर्निंग. फाऊल झाल्याचं नाटक करून पडणं, टी, पण तिथंही आधी वॉर्निंग. आता सांगा, नाटक करून रेफ्रीला फसवणाऱ्याला आधी वॉर्निंग आणि स्वतःवर चिडून बॉल आपटणारीला डायरेक्ट टी. चांगले रेफ्री आधी कॅप्टनला बोलावून सांगतात, मालक स्वतः सांगतो, मी बघितलंय, पण ते त्यांच्या चांगुलपणावर आहे, सगळीकडं मिळेलच असं नाही.

आणि काही वेळा तर वागणुकीचा प्रश्नच नसतो. १९९३ च्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या फायनलला मिशिगनचा ख्रिस वेबर, टीम ७१-७३ अशी दोन पॉइंटने मागं, ११ सेकंद उरलेले, कोपऱ्यात दोघांनी घेरलं म्हणून त्याने टाईमआऊट मागितला, आणि टीमकडं टाईमआऊट शिल्लकच नव्हता. टेक्निकल. त्या वेळच्या तिथल्या नियमाने नॉर्थ कॅरोलिनाला दोन फ्री थ्रो आणि बॉल, मॅच ७७-७१ संपली. पोराने कुणाला काही बोललं नाही, कुणाला मारलं नाही, मोजायला चुकला. त्याला आणि शिवी देणाऱ्याला एकच शिक्षा. ते बघितल्यावर मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं की टाईमआऊट नाही तर नाही म्हणा, बॉल समोरच्याला द्या, दोन फ्री थ्रो कशाला.

मग काय पाहिजे? मी मालकाला म्हणलं आपल्याकडं कबड्डी बघ की. आपल्या जिल्ह्यात कबड्डी, खो-खो, कुस्ती यांच्यावर पोरं वाढतात, बास्केटबॉल नंतर येतो. कबड्डीत हिरवं कार्ड, ताकीद. पिवळं कार्ड, दोन मिनिटं बाहेर. लाल, मॅच संपली. गावातल्या सात वर्षांच्या पोराला पण कळतं. दोन मिनिटं बाहेर बसला की डोकं थंड होतं, टीमला पण एक माणूस कमी असल्याचा चटका बसतो, आणि मग तो परत येतो. परत येतो हे महत्त्वाचं. शाळेतल्या पोराला चूक केल्यावर परत येऊन नीट खेळून दाखवायची संधी नसेल तर तो शिकला काय, बेंचवर टॉवेल डोक्यावर घेऊन रडायला?

आणि ही कल्पना बास्केटबॉलला परकी पण नाही. डिसेंबर १८९१ ला स्प्रिंगफिल्डला नेस्मिथने जे पहिले तेरा नियम लिहिले त्यात फ्री थ्रो नव्हताच. धक्का मारला, धरलं, ढकललं तर पहिला फाऊल, आणि दुसऱ्याला खेळाडू बाहेर, पण कधीपर्यंत, तर पुढचं बास्केट पडेपर्यंत. मग परत आत. मुद्दाम दुखापत करायला गेला असेल तरच पूर्ण मॅच बाहेर. एका टीमने लागोपाठ तीन फाऊल केले तर समोरच्याला एक गोल. तेव्हाच्या त्या नियमात हेतू बघून शिक्षा वेगळी होती. आपण सव्वाशे वर्षांत नियमांचं जाडजूड पुस्तक केलं आणि ही एक साधी गोष्ट मागं ठेवून आलो.

मालक म्हणला नियम काय तू बदलणार का, फिबाला पत्र लिहिणार? म्हणलं फिबाचं फिबा बघेल, आपला रविवार तर आपल्या हातात आहे. रविवारी सकाळी सात ते नऊ आमच्या प्रॅक्टिस मॅच असतात, दोन-तीन शाळांची पोरं-पोरी येतात, शिट्टी मालकच वाजवतो. तर त्याने, आढेवेढे घेत का होईना, मागच्या रविवारी स्कोअरशीटवर पाच रकान्यांच्या शेजारी स्केल लावून पेनाने सहावा रकाना आखला. त्यात फक्त टी. पाच फाऊलमध्ये धरायचा नाही, समोरच्याला एक फ्री थ्रो तसाच, खेळाडू दोन मिनिटं बाहेर, टीम तेवढा वेळ चौघांवर. दुसरा टी झाला की दिवसभर बाहेर, त्यात दयामाया नाही. आणि शिवी असेल तर पहिल्यालाच बाहेर, ही अट मालकाने घातली आणि मी लगेच हो म्हणलं.

पहिल्याच रविवारी दोन टी झाले. एक मुलांच्या मॅचला, रेफ्रीच्या निर्णयावर टाळ्या वाजवल्या म्हणून, तो पोरगा दोन मिनिटं लाकडी बाकावर गुडघे हलवत बसला होता आणि त्याची टीम चौघांत पळून पळून दमली, आत गेल्यावर त्याच्या कॅप्टनने त्याला जे काय सुनावलं ते कुठल्या रेफ्रीने सुनावलं नसतं. दुसरा टी मुलींचा. तो सात नंबरचा नव्हता. सात नंबर आली होती, पंधरा मिनिटं आधीच, जाळीजवळ एकटी लेफ्ट हँडचं ड्रिबल करत होती. त्या मॅचमध्ये तिचा एक पास चुकला, बॉल लाईनच्या बाहेर गेला, ती पळत गेली, बॉल उचलला, पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तशीच चालत येऊन मालकाच्या हातात दिला. मालकाने तिला काहीतरी म्हणलं, मला लांबून ऐकू आलं नाही. तिने मान हलवली.

मालक अजून म्हणतो की एक फ्री थ्रो फार कमी आहे, निदान दोन पाहिजेत. या रविवारी परत बसणार आहोत त्यावर.